२५ जुलै: गाण्याला तारीख कशी चिकटते

कोल्हापुरात जुलैची सकाळ पंचगंगेपासून सुरू होते. राजाराम बंधाऱ्याजवळ पाणी किती फुटांवर आलं, ३९ फुटांची इशारा पातळी गाठली का, हे कळल्याशिवाय कुणाचा चहा संपत नाही. अशाच एका ओल्या सकाळी मी शाळेच्या फळ्यावर दिनविशेष लिहीत होते. दारातून आत आल्यावर डाव्या हाताला हा फळा आहे आणि पावसाळ्यात त्याला अक्षरशः घाम फुटतो. आधी कोरड्या फडक्यानं तो पुसायचा, मग खडू पाण्यात बुडवून लिहायचं. लिहिताना अक्षर धड दिसत नाही, वाळलं की ठसठशीत उमटतं. मी लिहिलं होतं: "२५ जुलै १९१९. संगीतकार आणि गायक सुधीर फडके यांचा कोल्हापूर येथे जन्म."

अक्षरं वाळेपर्यंत नववीतली एक मुलगी मागं येऊन थांबली. मोबाइलवरची एक यादी तिनं वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून आणली होती. आजच्या तारखेला जगाच्या संगीतात काय काय घडलं, त्याची यादी.

"बाई, ह्यात बाबूजी नाहीतच. आणि ह्या माणसानं नुसती गिटार बदलली म्हणून लोकांनी त्याची हुर्यो उडवली म्हणे. असं कुठं असतंय व्हय?"

बाबूजी म्हणजे फळ्यावरचे सुधीर फडकेच. तेवढ्यात प्रार्थनेची घंटा झाली. तिचे दोन्ही प्रश्न रास्त होते आणि दोन्हींची उत्तरं घंटेच्या आत मावणारी नव्हती. दुपारच्या सुट्टीत तिला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते.

आधी तारखेबद्दल. दिनविशेषात प्रत्येक घटनेला एकच ओळ मिळते, म्हणून सगळ्या घटना एका मापाच्या वाटतात. जन्म, निधन, कार्यक्रम, अल्बम प्रकाशित. पण संगीताच्या हिशेबानं ह्या शब्दांचं वजन फार वेगवेगळं आहे. माणूस जन्मला त्या दिवशी संगीतात काहीच घडलेलं नसतं. एका घरात पाळणा हलला, एवढंच. कार्यक्रमाच्या दिवशी मात्र सूर खरोखर हवेत गेलेला असतो आणि त्याला हजारो कान साक्षीदार असतात. अल्बमची तारीख ही कंपनीच्या वेळापत्रकाची. गाणं त्याच्या कितीतरी आधी ध्वनिमुद्रित होऊन डब्यात पडलेलं असतं. आणि निधनाच्या तारखेला पुष्कळदा एखाद्या माणसाचं गाणं किती लोकांच्या घरात पोचलं होतं, ते पहिल्यांदा उघड होतं.

त्या मुलीच्या यादीत ह्या सगळ्या जातींच्या तारखा एकाखाली एक होत्या. त्यातली सगळ्यात गाजलेली आधी घेऊ, कारण हुर्योचा प्रश्न तिचाच आहे.

२५ जुलै १९६५, रविवार. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे, त्यातल्या न्यूपोर्ट गावात लोकसंगीताचा महोत्सव भरला होता. रात्रीच्या कार्यक्रमात बॉब डिलन नावाचा २४ वर्षांचा गायक मंचावर आला. अंगात चामड्याचं जाकीट, गळ्यात विजेवर चालणारी गिटार, मागे ढोल, बास आणि ऑर्गन घेऊन उभा असलेला वाद्यवृंद. त्यांनी तीन गाणी वाजवली. समोरून आरडाओरडा झाला, हुर्यो झाली, काहींनी टाळ्याही वाजवल्या. तिसरं गाणं संपताच सगळे आत निघून गेले. मग निवेदक पीटर यारोनं विनवण्या करून डिलनला परत आणलं. ह्या वेळी तो एकटाच होता, हातात साधी लाकडी गिटार. दोन गाणी म्हणाला आणि गेला.

एवढंच घडलं. पण त्यावर अमेरिकेत आजही पुस्तकं निघतात. का, ते समजायला त्या मैदानात बसलेल्या माणसांच्या जागी जाऊन बसावं लागेल.

न्यूपोर्टचा तो महोत्सव म्हणजे नुसता गाण्यांचा जलसा नव्हता. तिथं खाणकामगारांची गाणी, शेतमजुरांची गाणी, काळ्या लोकांच्या हक्कांच्या लढ्यातली गाणी म्हटली जात. मंच साधा, वाद्यं साधी, कारण सगळा भार शब्दांवर. आपल्याकडच्या शाहिराच्या फडाची आठवण यावी असंच ते वातावरण होतं. डफ, तुणतुणं, झांज, आणि समोरच्याच्या काळजाला हात घालणारा शब्द. १९६३ साली डिलन ह्याच महोत्सवात लोकांचा लाडका झाला होता. त्याच वर्षीच्या २८ ऑगस्टला वॉशिंग्टनच्या विराट मोर्चात, जिथं मार्टिन ल्यूथर किंग यांचं प्रसिद्ध भाषण झालं, तिथंही तो गायला होता. लोकांच्या मनात तो आपला शाहीर होता.

आता विजेच्या गिटारीचं काम कसं चालतं ते पाहू. साध्या गिटारीला पोकळ लाकडी पोट असतं. तार छेडली की ते पोट घुमतं आणि आवाज मोठा होतो. आपल्या तंबोऱ्याचा भोपळा करतो तेच काम. विजेच्या गिटारीचं लाकूड बहुधा भरीव असतं, घुमायला जागाच नाही. तारांच्या खाली लोहचुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार चुंबकापुढे थरथरली की वेटोळ्यात वीज निर्माण होते. ती वायरमधून यंत्रात जाते आणि यंत्र तिचा हवा तेवढा मोठा आवाज करून देतं. हवा तेवढा, हीच मेख आहे. लाकडाच्या पोटाला मर्यादा असते, वायरीला ती नसते.

न्यूपोर्टची ध्वनिव्यवस्था एकट्या-दुकट्या गायकासाठी लावलेली होती. आजच्यासारखं प्रत्येक वाद्याचा आवाज आधी तासभर बसून जुळवणं तेव्हा रूढ नव्हतं. त्यात अचानक अख्खा वाद्यवृंद गर्जायला लागला. मी त्या मुलीला विचारलं, विठ्ठल मंदिरात कीर्तन रंगलंय, बुवा अभंगाचा अर्थ सोडवून सांगतायत आणि मध्येच कुणी डॉल्बी लावला तर? ती पटकन म्हणाली, "बुवांचं काहीच ऐकू येणार नाही." पीट सीगर नावाचे ज्येष्ठ गायक, जे ह्या महोत्सवाच्या चालकांपैकी होते, त्यांची तक्रार नेमकी हीच होती. त्या रात्री ते संतापले. हातात कुऱ्हाड असती तर वायरच तोडली असती, अशा अर्थाचं ते बोलले, आणि पुढे त्यावरून ते कुऱ्हाड घेऊन धावले इथपर्यंत दंतकथा गेली. त्यांनी नंतर अनेकदा खुलासा केला की राग विजेच्या गिटारीवर नव्हता, शब्द ऐकू येत नव्हते म्हणून होता. त्या रात्री ऑर्गन वाजवणारा अल कूपर मात्र म्हणायचा की लोक चिडले ते कार्यक्रम फार आखूड झाला म्हणून. ज्याच्यासाठी लांबून आलो तो तीन गाणी म्हणून आत गेला, तर कोण गप्प बसेल? आणि काही लोक खरोखरच, आपला माणूस बाजारू झाला, ह्या दुःखानं ओरडत होते.

म्हणजे एकच आरडाओरडा, त्याची कारणं तीन. "गिटार बदलली म्हणून हुर्यो" ही ओळ चुकीची नाही, पण ती फार अपुरी आहे.

ह्या गोष्टीकडे परका तमाशा म्हणून मी कधीच पाहू शकत नाही, कारण वाद्यावरून असाच वाद आपल्याकडे झाला आहे आणि तो कितीतरी लांबला. पेटी, म्हणजे हार्मोनियम. १९४० साली आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं. कारण दिलं जायचं ते असं: पेटीचे स्वर पट्ट्यांमध्ये बांधलेले असतात, एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिच्यातून निघत नाही, आणि आपल्या रागांतले सूक्ष्म स्वर ती दाखवू शकत नाही. ह्यात तथ्य आहेच. पण ज्या मातीत ही बंदी लागली तिथं गोविंदराव टेंबे होऊन गेले. कोल्हापूरजवळच्या सांगवड्यात १८८१ साली जन्मलेल्या ह्या माणसानं पेटीवर असा हात बसवला की ऐकणाऱ्याला मींड असल्याचा भास व्हावा. १९११ च्या 'मानापमान' नाटकाच्या चाली त्यांच्या. १९३२ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीनं पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' काढला, त्यातला हरिश्चंद्रही तेच आणि संगीतही त्यांचंच. पेटीवरची बंदी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला सैल झाली. तीस वर्षं! न्यूपोर्टच्या वादाला निदान एका रात्रीची धग होती, आपला वाद कार्यालयाच्या फायलीत तीस वर्षं थंडपणे चालू राहिला.

पुन्हा न्यूपोर्टकडे, कारण तारखेची एक गंमतीची गाठ तिथंच आहे. त्या रात्री डिलननं म्हटलेलं एक गाणं होतं 'लाइक अ रोलिंग स्टोन'. त्याचं ध्वनिमुद्रण झालं १६ जून १९६५ ला. तबकडी बाजारात आली २० जुलैला. आणि लोकांसमोर ते पहिल्यांदा गायलं गेलं २५ जुलैला. एकाच गाण्याच्या तीन तारखा. आता फळ्यावर कोणती लिहायची? गाणं जन्मलं कधी? चाल पहिल्यांदा डोक्यात आली तेव्हा, यंत्रात बंद झाली तेव्हा, दुकानात मिळाली तेव्हा, की लोकांच्या तोंडावर जाऊन आदळली तेव्हा? माझं मत विचाराल तर शेवटची. पण यादी करणारे बहुतेक जण दुकानाची तारीख धरतात, कारण ती छापलेली सापडते.

चौथी गाठ त्याहून बारीक आहे. अमेरिकेच्या त्या भागात उन्हाळ्यात घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. म्हणजे न्यूपोर्टच्या मंचावर रात्री तो गोंधळ चालला होता तेव्हा कोल्हापुरात २६ जुलैची सकाळ उजाडलेली होती, अंबाबाईच्या देवळात काकड आरती होऊन गेली होती आणि सोमवारची कामं सुरू झाली होती. तारीख ही त्या-त्या गावची असते. जगाची म्हणून एक तारीख नसते.

यादीतली पुढची नोंद २५ जुलै १९८० ची. एसी/डीसी ह्या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचा 'बॅक इन ब्लॅक' हा अल्बम त्या दिवशी अमेरिकेत प्रकाशित झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत बँडचा गायक बॉन स्कॉट वारला होता. नव्या गायकाला घेऊन त्यांनी हा अल्बम केला, त्याचं वेष्टन शोक म्हणून पूर्ण काळं ठेवलं आणि सुरुवातीला खऱ्या घंटेचे टोल घातले. जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बमांत तो मोडतो. पण ब्रिटनमध्ये तोच अल्बम निघाला ३१ जुलैला. म्हणजे लंडनच्या माणसाच्या दिनविशेषात तो सहा दिवसांनी येतो. आणि ३१ जुलै १९८० म्हटलं की आपल्या घराघरांत एकच आठवण निघते, मोहम्मद रफी गेले तो दिवस. एकाच तारखेला कुणाच्या दुकानाबाहेर रांग असते आणि कुणाच्या घरी रेडिओसमोर डोळे पुसले जात असतात.

तिसरी नोंद मुलीच्या यादीत एका ओळीत होती, नाव तिला धड वाचताही आलं नव्हतं. मला विचाराल तर २५ जुलैची सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे.

२५ जुलै १९८० लाच मॉस्कोत व्लादिमीर विसोत्स्की वारला. वय ४२. शहरात ऑलिम्पिक चालू होतं. तेच ऑलिम्पिक, ज्यात चार दिवसांनी आपण हॉकीचं सुवर्णपदक जिंकलं. विसोत्स्की टागांका थिएटरचा नट, तिथं हॅम्लेट करायचा. आणि तो गाणी लिहून स्वतःच्या घोगऱ्या आवाजात, सात तारांच्या गिटारीवर म्हणायचा. सैनिकांची, तुरुंगातल्या माणसांची, गिर्यारोहकांची, दारूच्या गुत्त्यातली गाणी, शेकड्यांनी. पण सोव्हिएत राज्यात तबकड्या काढणारी कंपनी सरकारची. तिनं त्याच्या हयातीत मोजक्या लहान तबकड्यांपलीकडे त्याचं काही काढलं नाही. तरीही देशभर लोकांना त्याची गाणी पाठ होती.

ती पोचली कशी? टेपनं. कुणाच्या तरी घरी दहा-पंधरा माणसं जमायची, मधे चक्रीवर फिरणाऱ्या फितीचा टेपरेकॉर्डर चालू असायचा. त्या फितीवरून दुसरी फीत, दुसरीवरून तिसरी. दर नकलेला आवाज थोडा मळकट होत जायचा, खरखर वाढायची, पण गाणं शहरातून शहरात जायचं. आमच्या पिढीला हे समजावून सांगावं लागत नाही. दोन खणांच्या टेपरेकॉर्डरमध्ये एकीकडे भरलेली कॅसेट, दुसरीकडे कोरी, आणि दोन्ही बटणं एकदम दाबायची. मैत्रिणीकडून आणलेल्या कॅसेटची नक्कल करताना स्वयंपाकघरातल्या कुकरची शिट्टी त्यात आली होती, आणि पुढे कितीतरी वर्षं ते गाणं कुठंही ऐकलं तरी त्या जागी मला शिट्टीची वाट पाहायची सवय राहिली. आमच्यासाठी ती काटकसर होती. विसोत्स्कीच्या श्रोत्यांसाठी त्यात जोखीमही होती.

त्याच्या मृत्यूची बातमी वर्तमानपत्रात जेमतेम चार ओळींत आली. ऑलिम्पिकच्या गडबडीत तिचा गाजावाजा व्हायला नको होता. तरी २८ जुलैला टागांका थिएटरभोवती हजारो माणसं लोटली. सरकारनं ज्याच्या तबकड्या काढल्या नाहीत, त्याला किती लोक ऐकत होते हे त्या दिवशी रस्त्यावर मोजता आलं. आता सांगा, विसोत्स्कीच्या गाण्यांच्या प्रकाशनाच्या तारखा कुठून आणायच्या? त्या नाहीतच. कुणाच्या घरी, कुठल्या संध्याकाळी कुठलं गाणं पहिल्यांदा म्हटलं गेलं, ते फितीच्या डबीवर पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर असेल.

इथं त्या मुलीच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर हाती लागायला लागतं. बाबूजी यादीत का नाहीत?

ह्या याद्या बहुतेक इंग्रजीत बनतात आणि त्यांचा कच्चा माल म्हणजे तबकडी-कंपन्यांची वेळापत्रकं, विक्रीचे साप्ताहिक तक्ते आणि इंग्रजी वर्तमानपत्रं. ज्या संगीताची वाट दुकानातून जाते त्याला तारीख आपोआप मिळते. मराठी गाण्याची वाट फार काळ वेगळी होती. ते नाटकाच्या पडद्यामागून आलं, देवळातून आलं, तमाशाच्या कनातीतून आलं, चित्रपटातून आलं आणि रेडिओतून आलं. त्याला तारीख आहे, पण ती नाटकाच्या हस्तपत्रिकेत, चित्रपटाच्या जाहिरातीत, नाहीतर आकाशवाणीच्या कार्यक्रमपत्रिकेत शोधावी लागते.

बाबूजींचंच पाहा. जन्मनाव राम. कोल्हापुरातच वामनराव पाध्ये यांच्याकडे गाण्याची तालीम. १९४१ च्या सुमाराला एचएमव्ही ह्या तबकडी-कंपनीत काम सुरू झालं. तेव्हा मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-सव्वातीन मिनिटांचंच गाणं मावायचं, त्यामुळे मुखडा, दोन-तीन अंतरे आणि मधले वाद्यांचे तुकडे हे सगळं त्या मापात बसवण्याची शिस्त अंगी आली. पुढे ते पुण्यात प्रभातमध्ये संगीतकार झाले. प्रभात स्वतः १९२९ साली कोल्हापुरात जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. म्हणजे कोल्हापूरची संस्था आणि कोल्हापूरचा मुलगा यांची गाठ पुण्यात पडली.

आणि मग १९५५. पुणे आकाशवाणीचे अधिकारी सीताकांत लाड यांनी ग. दि. माडगूळकरांपुढे कल्पना मांडली: वर्षभर, दर आठवड्याला एक, रामकथेवरचं नवं गीत. शब्द माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. 'गीतरामायण'चं पहिलं गीत १ एप्रिल १९५५ ला, शुक्रवारी, प्रसारित झालं.

आता इथं तारखेची सगळ्यात सुंदर गाठ आहे आणि ती खास आपली आहे. १ एप्रिल ही तारीख कुणी निवडली नव्हती. निवडली होती ती रामनवमी. त्या वर्षी चैत्र शुद्ध नवमी १ एप्रिलला आली, इतकंच.

तारीख सूर्यावर चालते, तिथी चंद्रावर. अमावस्येपासून अमावस्येपर्यंत साडेएकोणतीस दिवस, असे बारा महिने म्हणजे सुमारे ३५४ दिवस. सूर्याचं वर्ष ३६५ दिवसांचं. दर वर्षी अकरा दिवसांची तूट पडते. ती तशीच सोडली तर काही वर्षांत दिवाळी भर पावसात येईल. म्हणून साधारण पावणेतीन वर्षांनी पंचांगात एक जादा महिना घालतात, तो अधिक महिना. १९५५ साली भाद्रपद अधिक होता. रामनवमी ते रामनवमी असं ठरल्यामुळे ते वर्ष बाराऐवजी तेरा महिन्यांचं झालं, आणि आठवड्याला एक या हिशेबानं गीतं बावन्न न होता ५६ झाली. अधिक महिना आला नसता तर माडगूळकरांना चार गीतं कमी लिहावी लागली असती. ती चार कोणती असती याचा विचार करून बघा, एकही सोडवत नाही.

मग गीतरामायणाचा वर्धापनदिन कधी धरायचा? १ एप्रिल लिहिणारे आहेत, रामनवमीला कार्यक्रम करणारेही आहेत. २०२४ मध्ये रामनवमी १७ एप्रिलला होती, २०२५ मध्ये ६ एप्रिलला. मी फळ्यावर रामनवमीलाच लिहिते, कारण करणाऱ्यांनी तोच दिवस मनात धरला होता. पण कंसात १ एप्रिल १९५५ घालते, म्हणजे पुढे कुणाला वर्तमानपत्र काढून पडताळायचं असेल तर वाट सापडेल. इंग्रजी यादी बनवणाऱ्या संगणकाला मात्र तिथी कळत नाही. त्याला सरकत जाणारा वर्धापनदिन कुठं ठेवावा हेच समजत नाही, आणि आपलं सगळ्यात लाडकं गीतचक्र त्याच्या जाळीतून निसटतं.

एक गोष्ट इथं सांगायलाच हवी. हे सगळं चालू होतं तेव्हा आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होताच. पुढे गीतरामायणाचे कार्यक्रम गावोगाव झाले तेव्हा बाबूजी मंचावर स्वतः पेटी पुढ्यात घेऊन गात.

तारखा पडताळायच्या कशा, हेही त्या मुलीनं विचारलं. मी तिला डिलनचंच एक उदाहरण दिलं. मे १९६६ मध्ये त्याच्या एका कार्यक्रमात प्रेक्षकांतून कुणीतरी "जुडास!" म्हणून ओरडलं. जुडास म्हणजे येशूला दगा देणारा शिष्य. त्या कार्यक्रमाची चोरटी तबकडी बाजारात फिरली, तिच्यावर ठिकाण लिहिलं होतं लंडनचा रॉयल अल्बर्ट हॉल. प्रत्यक्षात तो कार्यक्रम १७ मे १९६६ ला मँचेस्टरमध्ये झाला होता. चूक इतकी घट्ट बसली की १९९८ साली कंपनीनं अधिकृत अल्बम काढला तेव्हाही नावात रॉयल अल्बर्ट हॉल अवतरणचिन्हांत ठेवावं लागलं. एखादी गोष्ट दहा ठिकाणी सापडली म्हणजे ती दहा जणांनी तपासली असं होत नाही. नऊ जणांनी पहिल्यावरून उतरवलेली असू शकते. म्हणून शक्य तितकं मुळाशी जायचं: त्या दिवसाचं वर्तमानपत्र, नाटकाची हस्तपत्रिका, तबकडीच्या मधल्या कागदावरचा क्रमांक. आणि आठवड्याचा वार जुळतो का ते नक्की बघायचं, खोटी तारीख पुष्कळदा वारावर पकडली जाते.

कोल्हापुरात अशी मुळं खूप आहेत. ८ जुलै १९२१ ला मुंबईत 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. एका मंचावर बालगंधर्व आणि कोल्हापूरचे केशवराव भोसले, दोन प्रतिस्पर्धी नाटक मंडळ्यांचे दोन राजे. पुढच्या तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव गेले. वय अवघं एकतीस. त्यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० चा.

जन्माच्या दिवशी संगीतात काहीच घडत नाही असं मी वर म्हटलं. ते मला एकदा मागं घ्यावं लागलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांच्या प्रेरणेनं १९१५ साली उभं राहिलेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी हवेत अजून जळकट वास होता आणि मला फळ्यावर केशवरावांची जयंती लिहायची होती. हात चालेना. शेवटी नाव आणि तारीख लिहिली आणि खाली काहीच लिहिलं नाही. मुलं एकेक करून थांबत होती, वाचत होती आणि न बोलता वर्गात जात होती. तोपर्यंत ९ ऑगस्ट ही माझ्यासाठी पुस्तकातली जयंती होती.

एवढं सगळं बोलून होईपर्यंत सुट्टी संपत आली. मी त्या मुलीच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, खाली दोन ओळींची जागा आहे, काय लिहायचं ते तू ठरव. तिनं फळ्याचा खालचा भाग ओढणीच्या टोकानं कोरडा केला, खडू बाटलीतल्या पाण्यात बुडवला. पहिली ओळ विसोत्स्कीची लिहिली आणि नाव बरोबर आहे ना म्हणून दोनदा विचारलं. दुसरी ओळ न्यूपोर्टची, त्यापुढे कंसात "तिकडे रात्र, इकडे २६ ची सकाळ". काळ्या वेष्टनाच्या अल्बमला जागा उरली नाही. मग ती वर सरकली आणि माझ्या ओळीच्या शेवटी, "जन्म" ह्या शब्दापुढे, लहान अक्षरांत तिनं जोडलं: "जन्मनाव राम."

ओला खडू होता. अक्षरं उमटायला चार-पाच मिनिटं लागली. घंटा होऊन गेली तरी ती तिथंच उभी राहिली, ओळी पांढऱ्या होईपर्यंत.